मुखत्यारनाम्याचे वकील : गणेश वासुदेव जोशी

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी वाढल्या, तेव्हा मूळ तक्रारीइतकाच दुसराही एक प्रश्न पुढे आला. सरकारदरबारी बोलू पाहणारा माणूस बोलतो कोणाच्या वतीने? या प्रश्नाला २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने जे उत्तर दिले, ते पूर्णतः वकिली धाटणीचे होते. वकीलपत्रावाचून न्यायालयात उभे राहता येत नाही. त्याचप्रमाणे किमान ५० माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणल्यावाचून सभेचे सभासद होता येत नसे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सहा हजारांहून अधिक लोकांची संमती होती. मताधिकार ही कल्पनाच ज्या देशात रुजलेली नव्हती, तेथे हा प्रयोग व्हावा, यातच सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी यांच्या बुद्धीची ओळख पटते. ‘सार्वजनिक काका’ हे नाव त्यांना सभेमुळेच मिळाले आणि पुढे मूळ नाव मागे पडले.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. घरची स्थिती बेताची. प्रारंभी सरकारी नोकरी, नंतर वकिलीची परीक्षा आणि पुण्यास व्यवसाय, असा त्यांचा मार्ग त्या काळच्या अनेकांसारखाच होता. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः कातलेल्या सुताची जाडीभरडी वस्त्रे ते वापरीत, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या संस्थानिकांच्या मेळ्यात, ते याच पांढऱ्या खादीत गेले. तेथे सभेच्या वतीने सादर केलेल्या मानपत्रात त्यांनी हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या तोडीचा राजकीय व सामाजिक दर्जा मागितला. शब्द नम्र होते. मागणी मुळीच नम्र नव्हती.

दरबाराचा हा थाट चालू असताना दख्खनमध्ये दुष्काळ होता. सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला पौंडभर धान्य व वर किरकोळ रक्कम, एवढ्यावर आली. खडी फोडणाऱ्या माणसाला ती पुरणारी नव्हती. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे अर्जामागून अर्ज ठेवले. हे काम शुष्क वाटेल. परंतु उपासमार ही दैवगती नसून एका हुकुमाचा परिणाम आहे, असे कागदोपत्री सिद्ध करणे हे वकिलाचेच काम होय. या काळात काकांना न्यायमूर्ती रानड्यांच्या व्यासंगाचे मोठे साह्य लाभले. लेखणी बहुधा रानड्यांची असे; वणवण काकांची.

खरी कसोटी १८७९ साली आली. लष्करी हिशेब खात्यातील कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी रामोश्यांना हाताशी धरून बंड उभारले. मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आग लागली, आणि तिचाही संबंध बंडाशी जोडण्यात आला. रानड्यांसारख्या न्यायखात्यातील माणसाला संशयापोटी धुळ्यास हलविण्यात आले. स्वदेशीची शिकवण फडक्यांनी ज्यांच्याकडून घेतली, त्यांत काका होते. तेव्हा त्यांच्यावर सरकारची दृष्टी असणे स्वाभाविकच होते. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला पुण्याच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे संशय आपल्या दारी आणणे होते. काकांनी ते घेतले.

येथे इंग्लंडमधील टॉमस अर्स्किनची आठवण होते. १७९२ मध्ये टॉमस पेनचा बचाव केल्याबद्दल त्याला युवराजाच्या वकिलाचे पद गमवावे लागले. तथापि अर्स्किनपुढे ज्यूरी होती, देशबांधवांची होती, आणि १७९४ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत तिने आरोपींना सोडलेही. काकांपुढे तशी आशा नव्हती. शिवाय फडक्यांनी स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त व रोजनिशी सरकारच्या हाती पडली होती. आरोपीचीच लेखणी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी असता बचाव करावयाचा, हे किती कठीण याची काकांना कल्पना नसेल, असे म्हणता येत नाही. सशस्त्र बंडाचा मार्ग त्यांचा नव्हता; त्यांचे सारे आयुष्य अर्ज, सभा, लवाद आणि चरखा यांत गेले होते. पक्षकाराचे मत मान्य नसतानाही त्याच्या बाजूने उभे राहणे, यालाच वकिली म्हणतात. सत्तेने ज्याला आधीच दोषी ठरविले आहे त्यालाही कायद्याची पुरती वागणूक मिळावी, हा आग्रह त्या उभे राहण्यात होता.

फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८८० च्या जानेवारीत त्यांची रवानगी एडनला झाली. त्याच वर्षी २५ जुलै रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काका निवर्तले.