दवाखान्याजवळची धर्मशाळा आणि गाडगेबाबा



गेल्या महिन्यात इंदूरच्या आपल्या एका ताईंनी ग्रुपवर विचारलं होतं, वडिलांना कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला न्यायचंय, दीड महिना राहायचं कुठं? चार जणांनी एकच नाव सुचवलं, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. बेळगावचे एक काका तर स्वतः तिथं राहून आलेले. तेव्हा आम्हाला वाटलं, ज्यांच्या नावाच्या छपराखाली आपली माणसं अडचणीच्या वेळी पाठ टेकतात, त्यांचं चरित्र घरातल्या मुलांना एकदा वाचून दाखवावं.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. घर परिटाचं. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आल्या. डेबूनं मामांची गुरं राखली, शेत कसलं. पुढे सावकाराच्या कर्जात ती जमीनही गेली. दारू आणि कर्ज घर कसं पोखरतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. स्वतःच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू-मटण हवं होतं, त्यांनी गोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले, पण त्यांनी माघार घेतली नाही.

१९०५ साली ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात झाडू. गाडगं म्हणजे टोपीही तीच आणि जेवायचं ताटही तेच. गावात शिरले की कुणाला काही न विचारता रस्ता झाडायला लागायचे, गटार उपसायचे. आधी पोरं बघायला जमायची, मग बापे खराटे घेऊन यायचे. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. त्यात ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. दारू, कर्ज, नवसाला कापलेलं बोकड, शिवाशीव, सगळं त्यात यायचं.

त्या काळी यात्रा म्हटली की पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती असायची. हजारो माणसं उघड्यावर, पाणी तेच, घाण तिथंच. त्यातही अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात उतरायला जागा मिळेना. म्हणून १९१७ च्या सुमारास बाबांनी चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट, मूर्तिजापूरला गोरक्षण, नाशिकला धर्मशाळा आणि सदावर्त. आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बाबा एका जागी कधी राहिले नाहीत. इमारत उभी करायची, ती चालवायला तिथलीच माणसं नेमायची, हिशेब त्यांच्याकडे, आणि आपण झाडू घेऊन पुढच्या गावाला. घरच्यांनाही त्यातलं काही मिळू दिलं नाही. १९२३ मध्ये एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी खारेपाटणला कीर्तन चालू असताना आली, आणि त्यांनी कीर्तन पूर्ण केलं असं सांगतात. हे वाचताना पोटात कालवतं, पटेलच असं नाही.

पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी.

आणखी एक गोष्ट, आपल्यासारख्या गुरुभक्तांना जरा बोचणारी. बाबांनी कुणाला शिष्य केलं नाही. पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारायचे. त्यांना नमस्कार नको होता, झाडू धरणारा आणखी एक हात हवा होता. आपल्या सत्संगात हार-पुष्पगुच्छांवर खर्च होतो तेव्हा आम्हाला हे हटकून आठवतं.

उतारवयात त्यांचं लक्ष मोठ्या दवाखान्यांकडे गेलं. पेशंटला खाट मिळते, पण खेड्यातून आलेली त्याची बायको फुटपाथवर झोपते, तिथंच चूल मांडते, तीही आजारी पडते. मग पेशंटकडे बघणार कोण? उपचार अर्धवट टाकून माणसं गावी परततात. डॉक्टरच्या हाताबाहेरचं हे काम, ते चार माणसांनी मिळूनच करावं लागतं. १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशंट आणि नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. दादरची धर्मशाळा बाबांच्या पश्चात उभी राहिली, पण रीत तीच.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी देह ठेवला.

इंदूरच्या ताईंना दादरला जागा मिळाली आहे. त्या एकट्याच आहेत, वडिलांजवळ रात्री बसायला आलटून-पालटून माणसं हवी आहेत. मुंबईत असणाऱ्यांनी आपापला वार आपल्या केंद्रप्रमुखांना कळवावा.