तंबोऱ्यातला गंधार : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

मिरज म्हटले की प्रवाशाला जंक्शन आठवते, रोग्याला दवाखाना आठवतो आणि गवयाला तंबोरा आठवतो. या तिसऱ्या आठवणीत आपल्या सोलापूर जिल्ह्याचाही वाटा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा मोठा भोपळा आपल्या पंढरपूर भागात पिकतो. तो खाण्याचा नव्हे. वाळवून, कोरून, त्याला दांडी आणि तबली जोडली म्हणजे तो बोलू लागतो. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत हा उद्योग उभा केला. पुढे त्याच गावात एक असा गवई येऊन राहिला, की ज्याला तंबोरा नुसता मागे वाजत असून चालत नसे. तो मनासारखा बोलावा लागे. तो गवई म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ.

त्यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. याच गावावरून त्यांच्या गायकीला किराना घराणे हे नाव मिळाले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. घरात गाण्याबरोबर सारंगीही होती. त्या काळी सारंगी वाजविणाऱ्याला मैफलीत गवयाच्या मागची जागा असे आणि मानही बेताचाच असे. परंतु सारंगीला पडदे नसतात. स्वर नेमका कोठे आहे हे बोटाने आणि कानानेच शोधावे लागते. अब्दुल करीम सारंगी शिकले, बीनही शिकले. तारेवर स्वर शोधण्याची ही सवय त्यांच्या गळ्यात उतरली ती कायमची.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गेले. तेथे सरदार घराण्यातील ताराबाई माने त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या. पुढे दोघांनी बडोदे सोडले आणि संसार मांडला. मुंबईमार्गे खाँसाहेबांचा मुक्काम मिरजेस आला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची फार श्रद्धा होती. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. विद्यार्थ्यांनी तेथेच राहावे, जेवावे आणि शिकावे अशी पद्धत होती. या सर्वांचा खर्च भागविण्यासाठी खाँसाहेब तिकीट लावून जलसे करीत. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हीच मुले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या नावांनी महाराष्ट्राला माहीत झाली.

खाँसाहेबांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या हाताविषयी सांगायचे आहे. वाद्ये दुरुस्त करण्यात ते निष्णात होते आणि त्यासाठी लागणारी हत्यारे जवळ बाळगीत. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला तरी आवाज बदलतो. एका जागी तार मुकी वाटते, दुसऱ्या जागी चरचरते आणि मधल्या एका जागी ती भरून येते. ही जागा साधण्यासाठी घोडी घासून तिचा उतार नीट करणे म्हणजे जवारी काढणे. थोडे कमी घासले तर आवाज खुलत नाही, आणि जास्त घासले गेले तर सारेच पुन्हा करावे लागते.

जवारी साधली की एक नवल घडते. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नसते, तरी खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. हा चमत्कार नव्हे. प्रत्येक तारेच्या नादात वरचे सूक्ष्म नाद मिसळलेले असतात आणि त्यांतला पाचवा नाद गंधाराचा असतो. चांगली जवारी त्याला बाहेर आणते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. जे शास्त्रज्ञाने गणिताने मांडले, तेच कारागीर आणि गवई कानाने करीत आले होते.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे मोजमाप करावयास घेतले, तेव्हा त्यांना अचूक गळा हवा होता. तो त्यांना खाँसाहेबांत मिळाला. देवलांचा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली, तर शुद्ध गंधार ३०० वर येतो. पेटीवरचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ वर असतो. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. खाँसाहेबांचे सारे गाणे त्या एवढ्याशा फरकात होते.

आपल्या गॅदरिंगमध्ये वाजणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारची गोष्टही याहून फार निराळी नाही. तिच्या तारांखाली पिकअप असतो : लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच कर्ण्यातून नाद होऊन बाहेर पडते. वेढे बदलले, चुंबक बदलला की आवाजाचा पोत बदलतो. म्हणून हौशी वादक मूळचा पिकअप काढून दुसरा बसवून पाहतात. अशा पिकअपची गिटार करणारे अमेरिकेतील जॉर्ज बोशाँ स्वतः वादक होते. त्यांना तिचे पेटंट १९३७ च्या ऑगस्टमध्ये मिळाले. त्याच वर्षी खाँसाहेब गेले. दोघांना एकमेकांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु मिळाले तेच वाद्य मुकाट्याने न वाजविता, ते उघडून आपल्या कानाला पटेपर्यंत बदलीत राहणे, ही वृत्ती एकच.

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हाताने काम करणारा वेगळा आणि विद्या जाणणारा वेगळा, अशी वाटणी शिकलेल्या जगात सर्रास दिसते. आमच्या वस्तीत मागावर काम करणारा माणूस कापडाकडे न पाहता, नुसत्या खडखडाटावरून धोटा कोठे अडतो आहे ते सांगतो. पण त्याला कोणी विद्या म्हणत नाही. खाँसाहेबांच्या आयुष्यात ही वाटणी नव्हती. म्हैसूरच्या दरबारात मान मिळविणारा हा गवई घोडी घासावयास बसे, त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. कारण त्याचे गाणे तेथूनच सुरू होत असे.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांच्या छातीत कळ आली, म्हणून सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. असे सांगतात की, फलाटावर बसून त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात ईश्वराचे स्मरण केले आणि तेथेच प्राण सोडला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला. तेथे दरवर्षी गवई येऊन गाऊन जातात.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांनी ते स्वर पुढे नेले. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. त्या ऐकताना गळ्याबरोबर मागच्या तंबोऱ्याकडेही कान द्यावा. त्याची घोडी कोणा कारागिराने घासलेली आहे, आणि त्याचा भोपळा कदाचित आपल्या भीमेच्या पाण्यावर वाढलेला आहे.