मुंबईत गांधीजींची नजर त्याच्या बुटांवर गेली आणि भारताला घरं बांधणारा माणूस मिळाला

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे काय होतं? आधी प्लॉट, मग लोन, मग ठेकेदार. त्यानंतर सिमेंट, सळई आणि वाळूचे भाव ऐकून सगळं घर गप्प बसतं. सुरवातीला ठरवलेलं बजेट स्लॅब पडेपर्यंत कुठल्या कुठे गेलेलं असतं.

पण एक माणूस असा होता जो या खर्चातला बराचसा भाग मुळात गरजेचाच नाही, असं म्हणायचा. नुसतं म्हणायचा नाही, तर बांधून दाखवायचा. स्वतःचं घरसुद्धा त्याने तसंच बांधलं.

त्याचं नाव लॉरी बेकर.

२ मार्च १९१७ चा जन्म, गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. पोरगं आर्किटेक्ट झालं, पण प्रॅक्टिसमध्ये जम बसायच्या आतच दुसरं महायुद्ध पेटलं. बेकर क्वेकर पंथाचा. हा पंथ युद्धाच्या ठाम विरोधात. त्यामुळे त्याने बंदूक उचलायला नकार दिला आणि क्वेकरांच्या अॅम्ब्युलन्स पथकात भरती झाला. भूल देण्याचं काम शिकला आणि थेट चीनला पोचला. तिथे जखमींची सेवा केली, कुष्ठरोग्यांमध्ये राहिला.

तब्येत ढासळल्यावर त्याला मायदेशी परत पाठवायचं ठरलं. वाटेत मुंबईला जहाजाची वाट बघत त्याला जवळपास तीन महिने थांबावं लागलं. ज्या क्वेकर मित्राकडे तो उतरला होता, त्याची गांधीजींशी ओळख होती. त्यामुळे बेकरही गांधीजींना ऐकायला जाऊ लागला.

तिथे गांधीजींचं लक्ष गेलं ते त्याच्या बुटांवर.

ते बूट कापडाच्या चिंध्यांपासून बनवलेले होते. चीनमध्ये तो ही कला शिकला होता. फेकून द्यायच्या वस्तूपासून कामाची गोष्ट तयार करणारा गोरा माणूस बघून गांधीजींना त्याच्यात रस वाटला. बोलणं निघालं ते थेट घरांवर गेलं. गरिबाचं घर त्या जागेपासून पाच मैलांच्या आत जे मिळतं त्यातूनच बांधलं जावं, असा गांधीजींचा विचार होता.

पाच मैल म्हणजे साधारण ८ किलोमीटर. हा हिशोब बेकरच्या डोक्यात कायमचा बसला.

१९४५ ला तो परत भारतात आला. कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनला इमारतींची कामं बघायला माणूस हवा होता. मिशनरी लोकांच्या मोठ्या बंगल्यात राहणं मात्र त्याला पटेना. तो फैजाबादला डॉ. चंडी नावाच्या मल्याळी डॉक्टरांकडे राहायला गेला. या डॉक्टरांची बहीण एलिझाबेथ, तीही डॉक्टर. दोघांची ओळख झाली आणि त्यांनी लग्न करायचं ठरवलं.

आता मुलगा इंग्रज, मुलगी केरळची आणि काळ चाळीसच्या दशकातला. घरच्यांचा विरोध, मिशनच्या लोकांची नाराजी. दोघं थांबले, पण मागे हटले नाहीत. १९४८ मध्ये लग्न झालं.

लग्नानंतर जोडपं फिरायला हिमालयात पिथोरागडला गेलं. हा भाग आज उत्तराखंडमध्ये येतो. नवरी डॉक्टर आहे हे गावकऱ्यांना कळलं आणि पेशंट यायला लागले. आसपास डॉक्टर नाही, रस्ते नाहीत. फिरायला आलेलं जोडपं तिथेच राहिलं, एक नाही दोन नाही, तब्बल सोळा वर्षं.

प्रश्न होता राहायचं कुठे आणि दवाखाना कुठे काढायचा?

चंडाग नावाच्या टेकडीवर दोघांनी स्वतःच बांधायला घेतलं. सिमेंट डोंगरावर आणणं परवडणारं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या कॉलेजात शिकलेलं इथे चालेना. दगड, माती, शेण, वाळवी आणि धो धो पाऊस, यातलं कॉलेजात काहीच शिकवलं नव्हतं. बेकरने मग आजूबाजूची जुनी घरं बघायला सुरवात केली. भिंत एवढी जाड का? खिडकी एवढी लहान का? छताला हाच दगड का? प्रत्येक गोष्टीमागे पिढ्यांचा अनुभव होता. डिग्रीवाला आर्किटेक्ट गावच्या गवंड्याचा विद्यार्थी झाला.

एलिझाबेथ दवाखाना सांभाळायची. बेकर दिवसभर बांधकाम करायचा आणि ऑपरेशन असलं की हात धुवून भूल द्यायला उभा राहायचा.

१९६३ मध्ये दोघं केरळला आले. आधी वागमणच्या डोंगरात आदिवासींसाठी काम केलं आणि १९७० च्या आसपास तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झाले. तोवर घरात तीन मुलं होती.

नालंचिरा भागात त्यांना जागा मिळाली, ती खडकाळ आणि उताराची. दुसऱ्या कुणीही आधी जेसीबी लावून प्लॉट सपाट केला असता. बेकरने उतार तसाच ठेवला, झाडं तशीच ठेवली आणि एक खोलीची लाकडी झोपडी उभी केली. पुढे गरज लागेल आणि पैसे जमतील तसं घर वाढत गेलं. पाडलेल्या जुन्या घरांचं लाकूड आलं. उजेडासाठी भिंतीत काचेच्या बाटल्या बसल्या. फुटक्या बश्या आणि फरशांचे तुकडे नक्षी झाले. या घराचं नाव ‘हॅम्लेट’, म्हणजे छोटीशी वस्ती.

एका झटक्यात सगळं बांधून डोक्यावर कर्ज घ्यायचं नाही, हे त्यातलं पहिलं सूत्र.

दुसरं सूत्र भिंतीचं. बेकर विटा आडव्या ठेवण्याऐवजी उभ्या कडेवर रचायचा, त्यामुळे भिंतीच्या आत पोकळी राहायची. याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. यात साधारण २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे घर कमी तापतं.

तिसरं सूत्र स्लॅबचं. स्लॅबच्या खालच्या थरातलं काँक्रीट फारसं वजन पेलत नाही, तिथे ताण सळई घेते. मग बेकरने त्या जागी दोन सळयांच्या मधे मंगलोरी कौलं भरली. काँक्रीट कमी, वजन कमी, सळई कमी. हा फिलर स्लॅब.

खिडक्यांच्या जागी विटांची जाळी आली आणि चौकटीचा खर्च गेला. चांगल्या विटेला गिलावा कशाला, म्हणून तोही गेला. गोल भिंती घातल्या, कारण तेवढ्याच लांबीच्या भिंतीत चौकोनापेक्षा गोलात जास्त जागा मावते.

सुरवातीला लोक नाकं मुरडायचे. गिलाव्याशिवाय घर म्हणजे अर्धवट घर, गरिबाचं घर. पण मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी विश्वास दाखवला. सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा अख्खा कॅम्पस बेकरने बांधला. बस स्टँडजवळचं गोल फिरत वर जाणारं इंडियन कॉफी हाऊस आजही तिरुवनंतपुरमला जाणारे बघून येतात. १९८५ मध्ये त्याच्या पुढाकाराने ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था उभी राहिली आणि हे तंत्र हजारो घरांपर्यंत पोचलं.

तरी गडी स्वतःच्याच कामाला प्रश्न विचारत राहिला. वीट भाजायला लाकूड जळतं, सिमेंट बनवायला प्रचंड ऊर्जा लागते, हे त्याला खटकायचं. म्हणून पुढे तो मातीच्या घरांचा आग्रह धरू लागला. सामान्य माणसाला कळावं म्हणून स्वतः चित्रं काढून त्याने छोट्या पुस्तिका लिहिल्या.

आयुष्याची चाळीसहून जास्त वर्षं इथे काढल्यावर तो कागदोपत्री भारतीय नागरिक झाला. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, हॅम्लेटमध्येच त्याने शेवटचा श्वास घेतला.

आता बेकरचं घर जसंच्या तसं उचलून विदर्भात किंवा मराठवाड्यात बांधलं तर चालेल का? नाही, आणि त्यालाही ते पटलं नसतं. कोकणात जांभा आहे, देशावर काळा दगड आहे, माती सगळीकडे आहे. आपल्या आजोबांच्या घराची भिंत जाड का होती, हे गावातल्या जुन्या गवंड्याला एकदा विचारून बघा. प्लॅन काढायच्या आधी विचारलं तर जास्त बरं.