फ्लॉरेन्स नाइटिंगेल : आकड्यांना आकार देणारी परिचारिका

हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांमध्ये फिरणारी परिचारिका, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख बहुतेकांना असते. अहवाल कसा मांडावा याचा वस्तुपाठही त्यांनीच घालून दिला, हे फारसे ठाऊक नसते.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची ओढ त्यांना लहानपणापासून होती. क्रिमियाच्या युद्धकाळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलजवळील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रुजू झाल्या. पुढचा हिवाळा भीषण ठरला. एकट्या जानेवारी १८५५ मध्ये ब्रिटिश सैन्यातील ८३ जण जखमांमुळे दगावले, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१ बळी घेतले. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ करविली, कोंदट दालनांत हवा खेळविली. त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी या नोंदींचा अभ्यास केला. बराकी आणि रुग्णालये सुधारल्याविना हे मृत्यू थांबणार नव्हते. पण निर्णय ज्यांच्या हाती होता, त्यांनी आकड्यांचे लांबलचक तक्ते वाचावेत ही अपेक्षा व्यर्थ होती. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी ते आकडे चित्ररूपात मांडले.

वर्तुळाचे बारा समान कोनांचे भाग म्हणजे बारा महिने. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. रंग तीनच, आणि त्यांचा अर्थ आकृतीशेजारीच लिहिलेला. सुधारणेपूर्वीचे वर्ष आणि नंतरचे वर्ष एकाच कागदावर शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे तुलनेसाठी पान उलटावे लागत नसे. पाहणाऱ्याची नजर प्रथम निळ्या रंगावरच खिळे.

आधीच्या एका आकृतीत मृत्यूंचे प्रमाण केंद्रापासूनच्या अंतराने दाखविले होते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्रफळ चौपट होते. त्यामुळे संकट प्रत्यक्षाहून मोठे भासे. ही अतिशयोक्ती त्यांच्याच बाजूला बळ देणारी होती, तरीही नव्या आकृतीत प्रमाण क्षेत्रफळानेच दाखविण्यात आले. सर्वांत मोठा निळा भाग जानेवारी १८५५ चा, म्हणजे त्या स्वतः स्कुटारीत असतानाचा होता. तोही त्यांनी झाकला नाही.

दुसऱ्या एका आकृतीत इंग्लंडमधील सामान्य पुरुष आणि त्याच वयाचे सैनिक यांच्या मृत्युदराच्या रेघा जोडीने काढल्या होत्या. शांततेच्या काळातही बराकीतील तरुण सैनिकांचा मृत्युदर सुमारे दुप्पट होता, हे त्या दोन रेघांवरून कोणालाही कळे. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने १८५८ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

पुढे हीच दृष्टी त्यांनी हिंदुस्थानाकडे वळविली. त्या येथे कधीच आल्या नाहीत. लष्करी ठाण्यांना प्रश्नावल्या धाडून त्यांनी माहिती मिळविली. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालानुसार येथील ब्रिटिश सैन्यात दर हजारी ६९ मृत्यू होत असत. दहा वर्षांनी हे प्रमाण १८ वर आल्याची नोंद त्यांनी केली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.