जाहिरात न निघालेली नोकरी

२ जुलै १९४४ रोजी अमेरिकी नौदलाची एक नवी लेफ्टनंट हार्वर्ड विद्यापीठातील एका प्रयोगशाळेत रुजू झाली. वय ३७, येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. आणि हातात नेमणुकीचा कागद. तिथे काय काम करायचे आहे, हे त्या कागदात नव्हते. समोर ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे पाच टन वजनाचे एक यंत्र खडखडत होते. प्रमुख हॉवर्ड एकेन यांनी स्वागताऐवजी उशीर झाल्याबद्दल सुनावले. लगेचच यंत्राकडे बोट दाखवून पुढच्या आठवड्यापर्यंत त्याच्याकडून एक अवघड गणित करवून घ्यायला सांगितले. ग्रेस हॉपर यांच्या सॉफ्टवेअरमधल्या कारकिर्दीची ही सुरुवात. त्या वेळी ‘सॉफ्टवेअर’ हा शब्दच या अर्थाने वापरात नव्हता. ‘कॉम्प्युटर’ म्हटले की टेबलापाशी बसून आकडेमोड करणारे माणूस, बहुधा एखादी स्त्री, असाच अर्थ घेतला जाई.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते ते पाहायला त्यांनी ते उघडले. सुटे भाग परत बसेनात, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. घरातली सात घड्याळे अशी मोडल्यावर आईने एकच घड्याळ खेळायला दिले आणि बाकीची वाचवली. वडील विमा व्यवसायात होते. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या आजाराने त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते. आपण किती दिवस आहोत याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून मुलाइतकेच मुलींनीही शिकावे आणि वेळ आली तर स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. लॅटिनमध्ये गुण कमी पडल्याने व्हासार कॉलेजने ग्रेस यांना पहिल्या वर्षी प्रवेश नाकारला. दुसऱ्या वर्षी तो मिळाला. पुढे येलमध्ये १९३० साली एम.ए. आणि १९३४ साली पीएच.डी. झाली. त्याआधीच, १९३१ पासून, त्या व्हासारमध्ये गणित शिकवू लागल्या होत्या. व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकाशी लग्न झाले होते. पक्की नोकरी, चांगले नाव, सुट्ट्या असे सगळे होते. युद्ध झाले नसते तर त्या तिथूनच निवृत्त झाल्या असत्या.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्यांनी नौदलात जायचे ठरवले. नौदलाला त्या नको होत्या. पस्तिशीच्या उंबरठ्यावरचे वय जास्त ठरले. वजन १०५ पौंड, म्हणजे जेमतेम ४८ किलो. ते नियमापेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी पडले. शिवाय गणिताचे प्राध्यापकपण हे देशाच्या दृष्टीने गरजेचे काम, तेव्हा कॉलेजातच राहा, असाही सल्ला मिळाला. त्यांनी कॉलेजातून रजा मिळवली, वजनासाठी सवलत मिळवली आणि १९४३ मध्ये राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात आपल्या तुकडीत पहिल्या आल्या.

हार्वर्डचे ते यंत्र म्हणजे ‘मार्क वन’. एका सेकंदात तीन बेरजा, एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद, असा त्याचा वेग होता. आजच्या कुठल्याही मोबाइलपुढे तो हास्यास्पद वाटेल. पण उत्तर २३ आकड्यांपर्यंत अचूक येई आणि यंत्र दिवसरात्र चाले. त्याला आज्ञा द्यायच्या त्या कागदाच्या पट्टीवर भोके पाडून. कुठल्या चाकातली संख्या कुठे न्यायची, तिचे काय करायचे, उत्तर कुठे ठेवायचे, यातली प्रत्येक पायरी वेगळी लिहावी लागे. हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक, रॉबर्ट कॅम्पबेल यांना ‘कोडर’ म्हणत. नौदलाचे खलाशी पाळ्या लावून यंत्र चालवत. ते ‘ऑपरेटर’. पुढे जगभरच्या संगणक कचेऱ्यांत दिसलेली कामाची वाटणी तिथे अशी गरजेपोटीच झाली. एकेन यांच्या हुकुमावरून हॉपर यांनी यंत्राची माहिती देणारे ५६१ पानांचे पुस्तकही लिहून काढले. म्हणजे संगणकाचे माहितीपत्रक लिहिणारा ‘टेक्निकल रायटर’ही त्याच खोलीत जन्माला आला म्हणायचा.

त्यांच्या नावावर खपणारी एक गोष्ट इथेच सरळ केलेली बरी. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क टू’ या पुढच्या यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. प्रोग्राममधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात ते तेव्हापासून, असे सांगितले जाते. पण यंत्रातल्या दोषाला हा शब्द एडिसनच्या काळापासून वापरला जात होता आणि नोंदवहीतली ती नोंदही बहुधा हॉपर यांच्या हातची नाही. त्या ही गोष्ट व्याख्यानांत रंगवून सांगत, म्हणून ती त्यांना चिकटली.

युद्ध संपले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. व्हासारने प्राध्यापकपद देऊ केले, पण त्यांनी ते नाकारले आणि हार्वर्डमध्ये कंत्राटी संशोधक म्हणून राहिल्या. विद्यापीठात स्त्रीला कायम पद मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. चाळिशी उलटली होती, मुदत संपत आली होती आणि ज्या कामात त्या जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी होत्या त्या कामाला अजून बाजार नव्हता. या वर्षांत त्यांचे पिणे हाताबाहेर गेले. युद्धकाळातल्या अखंड पाळ्यांत लागलेली सवय एकटेपणात वाढली. १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फिया शहरात दारूच्या नशेत गोंधळ घातल्याबद्दल त्यांना पोलिसांनी पकडले. एडमंड बर्कली या जुन्या सहकाऱ्याने त्यांना पत्र लिहून, व्यसन सुटले नाही तर ही बुद्धी वाया जाईल, असे स्पष्ट कळवले. गौरवग्रंथांत ही पाने सहसा गाळतात. तसे करण्याचे कारण नाही. अनिश्चित नोकरी, अपुरी झोप आणि कौतुक न होणारे कौशल्य यांचा माणसावर होणारा परिणाम या क्षेत्राच्या पहिल्या पिढीतही तितकाच खरा होता. पुढची ४० वर्षे त्यांनी जे काम केले ते या पडझडीनंतरचे आहे.

त्याच वर्षी त्यांनी फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत ‘सीनियर मॅथेमॅटिशियन’ म्हणून नोकरी धरली होती. आजच्या भाषेत ती स्टार्टअप: कल्पना मोठी आणि गल्ल्यात पैसे नाहीत. ‘युनिव्हॅक’ हा व्यापारी संगणक तयार होण्याआधीच पैसे संपले आणि १९५० मध्ये रेमिंग्टन रँड या कंपनीने ती विकत घेतली. ही कंपनी टंकलेखन यंत्रे आणि दाढीची यंत्रे विकणारी. संगणक म्हणजे काय आणि तो विकल्यावर ग्राहकाला काय काय लागते, हे तिच्या वरिष्ठांना समजावता समजावता हॉपर थकून जात. यंत्र घेणाऱ्याला ते चालवणारी माणसे लागत. ती तयार करायची हॉपर यांच्या विभागाने आणि तयार झाली की ग्राहक किंवा आयबीएमसारखे प्रतिस्पर्धी जास्त पगार देऊन घेऊन जायचे. शिकवलेली माणसे टिकत नाहीत हे आयटी कंपन्यांचे रडगाणे सत्तरहून अधिक वर्षे जुने आहे.

या टंचाईतून त्यांचे सर्वांत मोठे काम निघाले. प्रोग्राम लिहिणारे एकमेकांच्या वह्यांतून उपयोगी तुकडे उतरवून घेत. वर्गमूळ काढण्याचा तुकडा एकाकडे, साइन काढण्याचा दुसरीकडे. पण उतरवताना प्रत्येक तुकड्यातले पत्ते नव्या जागेप्रमाणे बदलावे लागत, म्हणजे सतत बेरजा कराव्या लागत. माणसे नक्कल करताना चुकतात आणि बेरीज करतानाही चुकतात. ही दोन्ही कामे यंत्र बिनचूक करते, मग त्यालाच का सांगू नयेत? त्यांनी तुकड्यांना नावे दिली, ते फितीवर साठवले आणि कोणता तुकडा कशानंतर हवा एवढे सांगितले की यंत्र स्वतःच ते शोधून, पत्ते बदलून, पूर्ण प्रोग्राम जुळवील अशी सोय केली. १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी हे काम निबंधरूपाने मांडले. त्याला त्यांनी ‘कंपायलर’ म्हटले. काटेकोर अर्थाने आजचे जाणकार त्याला ‘लिंकर’ किंवा ‘लोडर’ म्हणतील. पण यंत्राने प्रोग्राम लिहायचा, ही कल्पना तिथे प्रत्यक्षात उतरली होती.

तिचे स्वागत झाले नाही. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम लिहू शकत नाही, असे वरिष्ठांचे म्हणणे. विरोध सहकाऱ्यांकडूनही होता. थोड्यांनाच जमणारी विद्या म्हणजे मान आणि पगार. ती यंत्राला आली तर आपले काय, ही धास्ती होती. (सध्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल.) घडले उलटेच. प्रोग्राम लिहिणे सोपे झाले तसे लिहिण्याजोगे प्रोग्राम वाढत गेले आणि लिहिणाऱ्यांची मागणीही.

१९५४ मध्ये हॉपर यांच्याकडे ‘ऑटोमॅटिक प्रोग्रामिंग’ विभागाचे प्रमुखपद आले. आता त्यांच्या डोळ्यांसमोर गणिती नव्हते. पगारपत्रके, साठ्याची नोंद, विम्याचे हप्ते सांभाळणारे कारकून होते. या माणसांना चिन्हांचे वावडे असते, त्यांना सरळ इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता आल्या पाहिजेत, असे त्यांचे मत. आज्ञेतला शब्द यंत्राच्या लेखी नुसते चिन्ह असते, मग ते कोणत्याही भाषेतले असो, हे पटवण्यासाठी त्यांनी वरिष्ठांना तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. परिणाम भलताच झाला. अमेरिकेत बनलेले यंत्र परकी भाषा बोलते म्हणून वरिष्ठ हबकले आणि काम इंग्रजीपुरतेच ठेवायचे ठरले. यातून ‘फ्लो-मॅटिक’ तयार झाली. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने सरकारी कार्यालये आणि संगणक कंपन्यांची समिती बसली आणि १९६० मध्ये ‘कोबोल’ ही भाषा पुढे आली. हॉपर यांना कोबोलची जननी म्हणतात, ते पूर्ण खरे नाही. भाषा समितीने घडवली आणि तिच्यात जीन सॅमेट यांच्यासह अनेकांचे श्रम होते. हॉपर सल्लागार होत्या. पण पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. व्यवस्थापकांना प्रोग्राम वाचता येईल ही अपेक्षा मात्र फारशी फळली नाही. व्यवस्थापकांनी तो वाचलाच नाही. विद्वानांनीही नाके मुरडली. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी तर १९७५ मध्ये कोबोलने बुद्धी अधू होते असा शेरा मारला. बँका आणि विमा कंपन्या त्याकडे लक्ष न देता कोबोल वापरत राहिल्या.

नोकरी चालू असताना नौदलाचे राखीव पदही होते. १९६६ च्या शेवटी वयामुळे नौदलाने त्यांना कमांडर हुद्द्यावर निवृत्त केले. सात महिन्यांनी परत बोलावले. निरनिराळ्या यंत्रांवर कोबोलच्या निरनिराळ्या बोली झाल्या होत्या आणि त्यांना शिस्त लावायची होती. हुकूम सहा महिन्यांचा होता. तो १९ वर्षे लांबला. मधल्या काळात १९७१ मध्ये खासगी कंपनीतूनही निवृत्ती झाली. कचेरीत उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ लावून त्या तरुण अधिकाऱ्यांकडून काम करवून घेत. वर्षाला शे-दोनशे व्याख्याने देत आणि श्रोत्यांना तारेचे फूटभर लांबीचे तुकडे वाटत. एका नॅनोसेकंदात प्रकाश जितका धावतो तितकी, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, ती लांबी. उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो, हे सेनाधिकाऱ्यांना त्या तारेने पटकन कळे. दूरचित्रवाणीवरच्या त्यांच्या मुलाखतीनंतर १९८३ मध्ये त्यांना कमोडोर करण्यात आले. १९८५ मध्ये त्या हुद्द्याचे नाव बदलून रिअर अ‍ॅडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेवर त्या निवृत्त झाल्या, तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या आणि नौदलाच्या सेवेतल्या सर्वांत वयस्कर अधिकारी होत्या. त्यानंतर त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत सल्लागाराची नोकरी धरली आणि ती शेवटपर्यंत केली.

१९६९ मध्ये संगणक व्यावसायिकांच्या एका संघटनेने वर्षातील उत्कृष्ट संगणकतज्ज्ञाचा पुरस्कार सुरू केला. तो पहिला हॉपर यांना मिळाला. पुरस्काराचे नाव होते ‘मॅन ऑफ द इयर’. त्या तरुण असताना हे काम बायकांचे समजले जाई. एनिॲक संगणकाचे पहिले सहा प्रोग्रामर म्हणजे सहा स्त्रिया होत्या. पगार आणि प्रतिष्ठा वाढली तसे चित्र पालटले. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेले आणि नंतर घसरत गेले.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र पाहायची हॉपर यांना इच्छा होती. त्या रात्रीचा जल्लोष अनुभवायचा आणि संगणकाला हे जमणार नाही म्हणणाऱ्यांना सगळे जमल्याचे सांगायचे, अशी दोन कारणे त्या देत. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, आर्लिंग्टन येथे झोपेतच त्यांचे निधन झाले आणि तिथल्याच राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. भोकांच्या कार्डावर जागा वाचावी म्हणून साल दोनच आकड्यांत लिहायची पद्धत कोबोलच्या जुन्या प्रोग्राममध्ये तशीच राहिली होती. २००० साल उजाडताच ही यंत्रे गोंधळतील, या भीतीने अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांनी ते लाखो ओळींचे जुने काम भारतातल्या कंपन्यांकडे सोपवले. मुंबई-पुण्यातली कित्येक तरुण मुले-मुली कोबोल शिकून त्या कामाला लागली; अनेकांची ती पहिली नोकरी. हॉपर यांना पाहायची होती ती रात्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी कचेरीत, पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहत काढली.