तंजावरचे नेत्रसेवक सरफोजीराजे

तंजावर म्हटले की बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर आणि सरस्वती महाल ग्रंथालय डोळ्यांसमोर येते. त्या नगरीतील एका मराठी राजाने आंधळेपणाशी मांडलेल्या झुंजीचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करावे, असे आम्हांस वाटले.

सरफोजीराजे (दुसरे) यांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. तुळजाजींच्या पश्चात वारशाचा तंटा उद्भवला. त्या बिकट काळात श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. १७९८ साली गादी लाभली; परंतु पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. अशा स्थितीत एखादा विलासात रमला असता. सरफोजी विद्येकडे वळले.

त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदले. माणसांप्रमाणेच पशुपक्ष्यांसाठीही औषधे तयार होत. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत ग्रथित करण्यात आले, कारण रुग्णांची भाषा ती होती.

नेत्ररोगांकडे राजांचे विशेष लक्ष असे. रुग्णाची हकीकत व उपचार लिहून ठेवीत आणि विकारग्रस्त डोळ्याचे रंगीत चित्र चिताऱ्याकडून काढून घेत. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली, म्हणजे राजांच्या निधनानंतर सात वर्षांनी. तोवर कुंचला हेच साधन होते. त्या काळी मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होत असे. परंतु बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, व्रण भरल्यानंतर, पांढरे फूल पडले की वैद्याचे हात टेकत. मानवी डोळ्यावर त्या पडद्याचे पहिले यशस्वी रोपण झाले ते १९०५ साली, युरोपात. म्हणूनच डोळा लाल झाला असतानाच त्याकडे नीट पाहणे, हाच खरा उपाय होता.

१८३२ साली राजे निवर्तले. १८५५ साली संस्थानही खालसा झाले. त्या नेत्रचित्रांचे कागद मात्र सरस्वती महालात टिकले आणि चालू शतकात चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील तज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला.

परमुलखात राहून आपली भाषा जपावी आणि ज्या भूमीने आश्रय दिला तिच्या लेकरांचे अश्रू पुसावे, हा सरफोजीराजांचा धडा आम्हां सर्वांस आजही मार्गदर्शक आहे.