पेपरचा अनुभव शून्य!

मास मीडियाला असाल तर हा प्रश्न तुम्हाला शंभरदा ऐकावा लागला असेल : इंटर्नशिप कुठल्या पेपरला केलीस? एडवर्ड मरोकडे याचं उत्तर नव्हतं. अमेरिकेतल्या ब्रॉडकास्ट पत्रकारितेचा पाया घालणाऱ्या या माणसानं पेपरमध्ये कधी नोकरीच केली नव्हती.

जन्म 1908चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकरी घरातला. मोठा झाला वॉशिंग्टन राज्यात. लाकूडतोडीच्या कॅम्पवर राबून त्यानं शिक्षणाचे पैसे जमवले. कॉलेजात विषय घेतला वक्तृत्व. शिकवायला आयडा लू अँडरसन होत्या. पोलिओनं त्यांचं शरीर वाकलं होतं, पण कान भलताच तयार. पुढे तो लंडनहून बोलायला लागला, तेव्हा सुरुवातीच्या वाक्यात पहिल्या शब्दानंतर किंचित थांबायचं त्यांनीच सुचवलं. तो थांबला आणि तीच त्याची ओळख झाली.

1935 मध्ये तो सीबीएसमध्ये लागला. अर्जात वय पाच वर्षांनी वाढवून सांगितलं होतं म्हणे! (हे मात्र कॉपी करू नका, आज एका क्लिकवर पकडले जाल.) काम काय, तर रेडिओसाठी वक्ते जमवणं. 1937 मध्ये लंडनला पाठवलं तेही त्यासाठीच. बातम्या देणं त्याच्या कामात नव्हतंच.

मार्च 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. मरो तेव्हा पोलंडमध्ये होता. त्यानं अख्खं विमान भाड्यानं घेतलं आणि व्हिएन्ना गाठलं. 13 मार्चच्या रात्री युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून एकाच कार्यक्रमात वार्तापत्रं गेली. व्हिएन्नाहून बोलणारा मरो होता. रेडिओवर बातमी देण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते. हा गडी गच्चीवर माइक घेऊन उभा! एका रात्री त्यानं माइक चक्क फुटपाथलगत धरला. सायरन वाजतोय आणि लोक न धावता शेल्टरकडे चाललेत, हे अमेरिकेनं पावलांच्या आवाजावरून ओळखलं.

खरी कसोटी मात्र टीव्हीवर लागली. सिनेटर मॅकार्थी दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवत होता आणि लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. 9 मार्च 1954 ला मरो आणि निर्माता फ्रेड फ्रेंडली यांनी त्याच्यावर अर्धा तास केला. त्यात मुख्यतः मॅकार्थीच्याच फिती होत्या. चॅनेल जाहिरात करेना, म्हणून दोघांनी पदरमोड करून पेपरात दिली. प्रतिसाद जबरदस्त आला. पण पुढच्याच वर्षी प्रायोजक गेला आणि 1958 मध्ये कार्यक्रमच बंद पडला. त्याच वर्षी शिकागोत, टीव्ही-रेडिओवाल्यांच्याच मेळाव्यात, त्यानं नुसत्या करमणुकीच्या नादी लागलेल्या या धंद्याला खडे बोल सुनावले. मालकांना ते अर्थातच झोंबलं. 1961 मध्ये त्यानं सीबीएस सोडलं आणि सरकारी माहिती खात्याचा प्रमुख झाला.

पडद्यावर त्याच्या हातात कायम सिगारेट असायची. 1955 मध्ये त्यानं सिगारेट आणि कॅन्सरवर कार्यक्रम केला होता, पण सवय काही सुटली नाही. 27 एप्रिल 1965 ला फुप्फुसाच्या कॅन्सरनं तो गेला. सत्तावन्न पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते.